दैवाचे स्थान पाचवे

संकट आले म्हणजे मनुष्याच्या मुखातून जे शब्द प्रथम बाहेर पडतात त्यांत ‘दैव’ हा शब्द बहुधा असतोच. घराचे छप्पर उडाले, दैव. हाताशी आलेले पीक आडवे झाले, दैव. शेजाऱ्याचे घर वाचले आणि आपले पडले, तेही दैवच. या शब्दाने दुःखी मनाला क्षणभर टेकू मिळतो हे खरे. परंतु जो शब्द आपण इतक्या सहजपणे उच्चारतो त्याचा शास्त्रातील अर्थ कोणता, कारणांच्या मालिकेत त्याचे स्थान कोणते, आणि तो कोणी, कोणाविषयी व केव्हा उच्चारावा, याचा विचार आपण क्वचितच करतो. हा विचार गीतेच्या आधाराने, आणि कोकणच्या किनाऱ्यावर २०२० व २०२१ या लागोपाठच्या वर्षी आलेल्या दोन चक्रीवादळांत एका घराला आलेल्या अनुभवाच्या आधाराने, येथे करावयाचा आहे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीसाठी पाच कारणे सांगितली आहेत. अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे हालचाली व प्रयत्न, आणि पाचवे दैव. श्रीशंकराचार्यांनी येथे अधिष्ठानाचा अर्थ शरीर, करणांचा अर्थ इंद्रिये आणि दैवाचा अर्थ त्या इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या आदित्यादी देवता असा केला आहे. डोळा पाहतो खरा. पण सूर्याचा अनुग्रह नसेल तर उघडा डोळाही आंधळाच. या दृष्टीने पाहिले तर दैव हे मुळात आघाताचे नाव नसून अनुग्रहाचे नाव आहे. रोज सकाळी डोळ्यांना दिसते तेव्हा आपण दैवाचे स्मरण करीत नाही. कौले उडाली की मात्र करतो!

माझा व्यवसाय भाषांतराचा, आणि वास्तव्य बंगळुरूत. कन्नडमधून मराठीत येताना हा शब्द मला नेहमी थांबवतो. दक्षिण कन्नडच्या किनाऱ्यावर, तुळू मुलुखात, ‘दैव’ म्हणजे गावाचे रक्षण करणारी देवता. लोक तिची वर्षानुवर्षे सेवा करतात, तिच्यापुढे आपली गाऱ्हाणी मांडतात आणि तिच्याकडून न्यायाची अपेक्षा ठेवतात. आपल्या मराठीत तोच शब्द नशिबाच्या अर्थाने रूढ झाला आहे. तेथे दैवापुढे उभे राहून बोलता येते. येथे दैव म्हटले की बोलणेच खुंटते. शब्द एक, किनाराही एक, पण मनाची वृत्ती भिन्न.

पाच कारणे सांगून झाल्यावर भगवंतांनी लगेच एक इशारा दिला आहे. असे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्याची बुद्धी संस्कारहीन होय, त्याला खरे दिसत नाही. हा इशारा अहंकारी मनुष्याला आहे हे आपण सर्व जाणतो. परंतु त्याचीच दुसरी बाजू अशी की, जो केवळ दैवालाच कर्ता मानतो त्यालाही खरे दिसत नाही. कारण त्यानेही पाचांपैकी चार कारणे पुसून टाकलेली असतात. पहिला दैव विसरतो, दुसरा उरलेले सर्व विसरतो. हिशेब दोघांचाही चुकलेलाच.

हा विचार ग्रंथातच राहू नये म्हणून आता त्या घराकडे वळू.

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ नावाचे तीव्र चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडून जमिनीवर आले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक होता. उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो आणि वादळाच्या वाटचालीच्या उजव्या हाताला त्याचा जोर अधिक असतो. ‘निसर्ग’ ईशान्येकडे सरकत होते. त्यामुळे उजव्या हाताला आलेल्या श्रीवर्धन, दिवेआगर, मंडणगड, दापोली या भागांना त्याचा प्रहार विशेष बसला. माझी थोरली बहीण श्रीवर्धन तालुक्यातील एका गावी दिलेली आहे. घरी ताई, साठी ओलांडलेले मेहुणे, त्यांचा मुलगा आणि ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाई. घरामागे वीस गुंठ्यांची वाडी. तीत माड, सुमारे तीनशे पोफळी, थोडी केळ आणि पोफळींवर चढवलेली मिरी. त्या भागातील रोठा सुपारीचा लौकिक मोठा आहे आणि अनेक घरांचे वर्ष त्या सुपारीवरच निघते.

वादळाची सूचना दोन दिवस आधीपासून मिळत होती. आगोटीची कामे अर्धीअधिक झालेली होती, म्हणजे लाकूडफाटा आत गेला होता, पडवीला झाप लावून झाले होते. मेहुण्यांनी गुरे सोडून मोकळी केली, पाण्याची भांडी भरून ठेवली, घरावर झुकलेल्या आंब्याच्या दोन फांद्या तोडून घेतल्या. सकाळी वारा जमिनीकडून येत होता. दुपारी तो फिरला आणि समुद्राकडून येऊ लागला. सकाळच्या वाऱ्याने हलून सैल झालेली झाडे दुपारच्या उलट वाऱ्याने धडाधड पडू लागली. ओटीवरची मंगलोरी कौले पत्त्यांसारखी उडत होती.

अशा वेळी दारावर थाप पडली. तो काळ साथीचा होता, हे वाचकांना स्मरत असेलच. टाळेबंदीमुळे मुंबईहून गावी परतलेले एक कुटुंब गावच्या शाळेत विलगीकरणात राहत होते. शाळेचे पत्रे उडाल्यावर लहान मुलांसह ती आठ माणसे जवळच्या घराच्या आश्रयाला धावली होती. आत ब्याऐंशी वर्षांची वृद्धा. बाहेर भिजलेली मुले आणि उडणारे पत्रे. मेहुण्यांचा हात कडीवर अडखळला. भित्रेपणामुळे तो अडखळला असे मी म्हणणार नाही. आईचे रक्षण हाही त्यांचा धर्मच होता. दोन धर्म एकाच दारात समोरासमोर उभे राहिले होते.

सासूबाई आतून म्हणाल्या, “अगो, दार उघड. त्यांना पडवीत बसव, मला माजघरात ने. रोगाचं मागाहून पाहू, वारा आत्ता आहे.”

दार उघडले. पडवी आणि माजघर यांमधले दार लावून घेतले गेले. तोंडाला फडकी बांधून ताईने त्यांना पेज दिली. रात्र तशीच गेली.

या वाक्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. धर्मसंकटात सापडलेला मनुष्य सामान्यतः असे समजतो की, दोन कर्तव्यांपैकी एक निवडावे आणि दुसरे टाकावे. त्या वृद्धेने एकही टाकले नाही. अधिक निकडीचे कोणते ते तिने ओळखले आणि दुसऱ्यासाठी घरातील एक भिंत व एक दार कामाला लावले. गीता ज्याला कर्मातील कौशल्य म्हणते ते याहून निराळे काय असणार? करणे, म्हणजे साधने, हे तिसरे कारण आहे. संकटात अडलेली बुद्धी पुष्कळदा साधनांकडे पाहतच नाही आणि एकदम पाचव्या कारणाला हाक मारते. पुढे त्या घरात कोणी आजारी पडले की नाही, हे मी मुद्दामच सांगत नाही. कारण त्या निर्णयाची योग्यता त्याच्या फळावरून ठरवावयाची नाही. त्या क्षणी जे ज्ञात होते, जे शक्य होते आणि जे करणे प्राप्त होते, त्यावरूनच ती ठरते.

आम्हांला बंगळुरूत चार दिवस काहीच कळले नाही. विजेचे खांब पडले होते, दूरध्वनीचे मनोरे बंद होते. पाचव्या दिवशी ताईचा आवाज कानी आला तेव्हा तिने प्रथम माणसे सांगितली, मग गुरे, मग घर, आणि सर्वांत शेवटी वाडी. तीनशे पोफळींपैकी चाळीस उभ्या होत्या.

काही दिवसांनी एक गृहस्थ समाचाराला आले. मन वाईट नव्हते, पण बोलता बोलता म्हणाले, “पूर्वसंचित असतं, ताई. भोगल्यावाचून सुटका नाही.” ताई एरवी फार बोलणारी नव्हे. ती इतकेच म्हणाली, “असेलही. पण ते मी म्हणायचं की तुम्ही?”

या प्रश्नात कर्मसिद्धांताचे एक मर्म आहे, असे मला वाटते. कर्मसिद्धांत हा आरशासारखा आहे. त्यात ज्याने त्याने आपले मुख पाहावयाचे असते. आपल्या वाट्याला आलेले दुःख पाहून ‘यात माझे काही कर्म असेल’ असे जो म्हणतो, त्याचा अहंकार ओसरतो, दुसऱ्यावरचा राग शमतो आणि पुढील कर्म शुद्ध करण्याची बुद्धी त्याला होते. तोच आरसा दुसऱ्याच्या तोंडासमोर धरला की त्याचा दगड होतो. दुसऱ्याचे संचित पाहण्याचा डोळा आपणांस कोणी दिला आहे? सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची लक्षणे सांगताना भूतदया सांगितली आहे. भूतांच्या पूर्वकर्माचा हिशेब ठेवण्यास कोठेही सांगितलेले नाही. दुसऱ्याचे घर पडते तेव्हा आपल्या बाजूने एकच प्रश्न उरतो, तो म्हणजे त्याच्या साहाय्यासाठी माझ्या हाती काय आहे. आपल्या दुःखाविषयी उच्चारलेले ‘दैव’ नम्रता होऊ शकते. दुसऱ्याच्या दुःखाविषयी उच्चारलेले ‘दैव’ बहुधा अंग काढून घेणेच असते.

दयेलाही डोळस असावे लागते. ‘निसर्ग’ वादळानंतर फळबागांसाठी हेक्टरी ५०,००० रुपये साहाय्य जाहीर झाले. कोकणातील वाड्या गुंठ्यांत मोजल्या जातात. त्या दराने दहा गुंठ्यांच्या वाडीला ५,००० रुपये येतात. पण त्या दहा गुंठ्यांत दीडशे झाडे आणि एका घराचे वर्ष उभे असते. पुढे सुपारी व नारळ यांचा हिशेब झाडांवर करण्यात आला, तो याचसाठी. योग्य माप शोधणे हीसुद्धा भूतदयेचीच एक चेष्टा होय.

आता पूर्वपक्ष असा येईल: “चारही कारणे नीट सांभाळली म्हणून वादळ थांबते काय? नाही ना? मग शेवटी दैवच बलवान ठरले.” याला उत्तर असे. वादळ थांबत नाही. पण वादळाचे फळ एकच नसते. १९९९ च्या ऑक्टोबरात ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आले आणि सुमारे दहा हजार माणसे मृत्यू पावली. २०१३ च्या ऑक्टोबरात ‘फायलीन’ नावाचे अतिप्रचंड वादळ त्याच राज्याच्या किनाऱ्यावर गोपाळपूरजवळ आले. त्या वेळी सुमारे दहा लाख माणसांना आधीच सुरक्षित स्थळी हलविण्यात आले होते आणि मृतांची संख्या पन्नासाच्या आत राहिली. समुद्र तोच, किनारा तोच. मधल्या चौदा वर्षांत वादळ-निवारे बांधले गेले, सूचना गावोगाव पोचविण्याची व्यवस्था झाली, गावकऱ्यांना शिकविण्यात आले. अधिष्ठान बदलले, करणे वाढली, चेष्टा झाल्या, आणि कर्ता जागा झाला. १९९९ साली ज्याला लोकांनी दैव म्हटले असेल त्यातील केवढा तरी मोठा भाग वस्तुतः पहिल्या चार कारणांची उणीव होती, हे २०१३ साली सिद्ध झाले.

समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनीही हे आपणांस लागू नाही असे समजू नये. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. येथे वादळ येते ते बहुधा पावसाच्या रूपाने. २०२२ च्या सप्टेंबरात येथील बेळ्ळंदूर व आसपासच्या भागांत इतके पाणी साचले की नोकरदार माणसे ट्रॅक्टरवर बसून कामावर गेली. पाऊस फार झाला हे खरे. परंतु एका तळ्याचे जादा पाणी पुढच्या तळ्याकडे नेणारे ‘राजकालुवे’ नावाचे मोठे ओढे या नगरात पूर्वजांनी राखले होते. ते अनेक ठिकाणी बुजवून वा अरुंद करून त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. पाण्याने आपली जुनी वाट शोधली. यालाही दैव म्हणावयाचे काय? आणि ज्या अरबी समुद्रातून ही वादळे उठतात त्याचे पाणी तापत चालले आहे, त्यामुळे तेथील वादळे अधिक तीव्र होत आहेत, असे शास्त्रज्ञ सांगतात. तो ताप मनुष्याच्या व्यवहारानेच मुख्यतः वाढला आहे. म्हणजे ज्याला आपण पाचवे कारण म्हणतो त्यातही आपल्या सर्वांच्या कर्माचा अंश मिसळलेला आहे.

दुसरा पूर्वपक्ष अधिक सूक्ष्म आहे: “गीता समत्व शिकवते, सुखदुःखे सारखी मानावयास सांगते. मग छपराची आणि पोफळींची इतकी चिंता कशाला?” परंतु शीत-उष्ण, सुख-दुःख ही येतात व जातात, ती सहन कर, हा उपदेश कोणाला केला आहे ते पाहावे. ज्याला पुढच्या क्षणी उठून मोठे कर्म करावयाचे आहे त्या अर्जुनाला तो केला आहे. सहन करणे हे उठण्याची पूर्वतयारी म्हणून सांगितले आहे. मोहाने कर्तव्य टाकणे याला अठरावा अध्याय तामस त्याग म्हणतो, आणि देहाच्या कष्टाच्या भयाने टाकणे याला राजस त्याग म्हणतो. ‘जे व्हायचे ते होईल’ असे म्हणून जो छपरावर चढत नाही, त्याने आपल्या वृत्तीला समत्व हे नाव देण्यापूर्वी ती या दोहोंपैकी एखादी नाही ना, हे तपासून पाहावे. कोकणातच जन्मलेल्या दोन पुरुषांचे उदाहरण येथे आठवते. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी ‘गीतारहस्य’ लिहिले ते मंडालेच्या तुरुंगात, आणि कुलाबा जिल्ह्यातील गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी गीतेवरील प्रवचने दिली ती १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात. बाहेरचे जवळजवळ सर्व काही हिरावून घेतले गेले असता जे हाती उरले त्याने कामाला लागणे, याचे नाव समत्व.

त्या समत्वाचे एक साधे रूप मी ताईच्या वाडीत पाहिले. पोफळीचे रोप लावल्यापासून सुपारी धरावयास पाच ते सात वर्षे लागतात, माडाला त्याहूनही अधिक. शिवाय पोफळीच्या रोपाला कोवळेपणी सावली लागते. आणि सावली देणारी उंच झाडेच तर पडली होती. ज्या चाळीस पोफळी उभ्या राहिल्या त्यांच्याही खोडांना, कधी न लागलेले ऊन लागून, चट्टे पडू लागले. मेहुण्यांनी पहिल्या पावसातच केळी लावल्या. केळ लवकर वाढते. तिच्या सावलीत मग पोफळीची रोपे. कोणी विचारले, “आता या वयात? सुपारी धरेपर्यंत…” ते वाक्य पुरे करणे कोणालाच जमले नाही. मेहुणे म्हणाले, “ज्या पोफळी पडल्या त्या मी लावल्या होत्या काय?” आणि खड्ड्यात माती लोटली. फळाच्या अधिकाराविषयी मी अनेक भाष्ये वाचली आहेत. त्या खड्ड्याशेजारी उभा असताना त्यांतील कोणत्याही भाष्याला बाध आला नाही, आणि कोणतेही तितके सोपे वाटले नाही.

पुढच्याच वर्षी, १६ व १७ मे २०२१ रोजी, ‘तौक्ते’ वादळ कोकणच्या किनाऱ्याजवळून गेले. या वेळी छपराला आडवे बांध घातलेले होते, झुकलेली झाडे आधीच उतरवली होती, रोपांना खुंट्यांचे आधार दिले होते आणि शेजारच्या दोन घरांतील म्हातारी माणसे आदल्या दिवशीच ताईच्या माजघरात आणून ठेवली होती. काही कौले गेली, काही केळी मोडल्या; रोपे बहुतेक वाचली. याचे श्रेय कोणाला द्यावे? तयारीला द्यावे, तर हेही खरे की ते वादळ या किनाऱ्यावर न चढता समुद्रातूनच उत्तरेकडे गेले आणि गुजरातेत जमिनीवर आले. दैवाला द्यावे, तर हेही खरे की बांध नसते तर तेवढ्या वाऱ्यानेही छप्पर राहिले नसते. ताईला हे विचारले तेव्हा ती म्हणाली, “दोघांनाही देऊ. पण खुंट्या ठोकायच्या दिवशी एकट्या दैवाच्या भरवशावर नाही बसायचं.” पाच कारणांच्या विवरणात याहून अधिक सांगण्यासारखे फारसे उरत नाही.

तात्पर्य, दैव नाकारावे असे गीता सांगत नाही. दैव मानणाऱ्या मनुष्याला फळ आले असता गर्व होत नाही, आणि फळ गेले असता तो स्वतःला वा दुसऱ्याला कायमचा अपराधी ठरवीत नाही; हा त्याचा मोठा उपकार आहे. परंतु त्याला त्याच्या क्रमानेच बोलवावे. प्रथम आपली भूमी व आपले घर पाहावे. मग आपल्यातील कर्ता जागा आहे काय ते पाहावे. मग साधने गोळा करावीत. मग हातपाय हलवावेत, आपल्यासाठी आणि दारावर थाप मारणाऱ्यासाठीही. एवढे झाल्यावर जे उरेल ते दैवाचे. ते अनुग्रह म्हणून आले तर हात जोडावेत, आघात म्हणून आले तर सहन करावे, आणि पहिल्या पावसात केळ लावावी.